जुना पत्ता

घर बदलून वर्षं लोटली तरी जुन्याच पत्त्यावर पत्रं धाडणारे आप्त प्रत्येकाला असतात. आम्हां संगणकवाल्यांना ते जरा जास्तच! लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमच्या नोंदी पूर्वी '/व्हार/रन' या फोल्डरात राहत. २०११पासून त्यांनी हळूहळू '/रन'मध्ये बिऱ्हाड हलवलं. जुन्या दारावर 'नव्या घरी जा' अशी पाटी लागली. तिला सिमलिंक म्हणतात. झालं, आळसाची सोय झाली!

"चालतंय ना? मग हात लावू नका," हे आमच्या साहेबांचं ब्रह्मवाक्य. आमची यंत्रं दोन. एक पडलं की दुसऱ्यानं कारभार उचलायचा. एका रात्री पहिलं पडलं. दुसऱ्यावर ती पाटीच नव्हती! सेवा नव्या घरी ठणठणीत चालू, आणि स्क्रिप्टनं जुन्या घरात डोकावून तिला मृत घोषित केलं. सुतक मात्र मला, तेही पहाटेपर्यंत.

म्हणून सांगतो, हात लावाच! पत्ता दहा स्क्रिप्टांत गिरवू नका, एकाच जागी लिहा; आणि दोन्ही यंत्रांवर पडताळा. पाटी पाहुण्यांसाठी असते हो. घरच्यांनी ती वाचत घरी यायचं नसतं!