दत्तूचं सोनं आठवतं, बंदी आठवते का?

दत्तू भोकनळ आपल्या नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी भाग, वडील विहिरी खोदायचे. पेट्रोल पंपावर काम केलेला हा पोरगा २०१२ ला सैन्यात गेला आणि वल्हं तिथंच पहिल्यांदा हातात घेतलं. चार वर्षांत रिओ ऑलिम्पिकला, जगात तेरावा!

२०१८, जकार्ता आशियाई स्पर्धा. एकेरीत शेवटचा. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या शर्यतीत सुवर्ण. तेव्हा जो तो 'आपला दत्तू' म्हणत होता.

२०१९ ला महासंघानं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आरोप काय, तर त्या एकेरी शर्यतीत तो मध्येच थांबला. तो म्हणत होता, बोटीतून पडलो. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली, पुढं अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण ऐन उमेदीचे गेलेले महिने कोण परत देणार?

शिस्त हवीच. पण आरोप करणारा आणि शिक्षा देणारा एकच नको. खेळाडूचं म्हणणं त्रयस्थानं ऐकावं. आणि मंडळी, सत्काराला आपण पुढं असतो, तसं अशा वेळीही बोललं पाहिजे. पटतंय का?