प्रश्न विचारायचा कोणत्या भाषेत?

गेल्या हिवाळ्यात उद्यमबागेतील एका सभागृहात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी बाहेरगावच्या एका शास्त्रज्ञांचे व्याख्यान झाले. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुणे विद्वान आणि सौजन्यशील होते. आकाश निळे का दिसते, हा विषय त्यांनी तळमळीने मांडला. परंतु इंग्रजीत, अधूनमधून कन्नड वाक्ये पेरीत. शेवटी प्रश्नांचे आवाहन झाले, तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे चार-पाच हात वर आले. मराठी शाळांच्या रांगांतून एकही हात वर आला नाही. आभार मानताना संयोजकांनी या शांततेची 'शिस्त' म्हणून वाखाणणी केली.

ती शिस्त नव्हती, लादलेला मुकेपणा होता. बाहेर पडताना एका मुलीने आपल्या बाईंना विचारले, "त्यांच्या चित्रात जांभळ्या रंगाचे विकिरण निळ्याहून जास्त दाखवले होते, मग आकाश जांभळे का नाही?" त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. सूर्यप्रकाशात जांभळ्याचा वाटा कमी असतो आणि आपला डोळाही त्या रंगाला कमी संवेदनक्षम असतो, हे उत्तर पाहुण्यांनी आनंदाने दिले असते. मुलीला विकिरण ठाऊक होते. 'स्कॅटरिंग' हा शब्द तेवढा अनोळखी होता. एवढ्याशा फरकामुळे प्रश्न दाराबाहेर राहिला आणि उत्तर व्यासपीठावर.

आमची तक्रार पाहुण्यांविरुद्ध नाही, कन्नड भाषेविरुद्ध तर मुळीच नाही. कन्नड माध्यमाच्या मुलांचीही अवस्था फारशी निराळी नव्हती. तक्रार संयोजनाविरुद्ध आहे. याच राज्यात विज्ञानाचे पाठ्यपुस्तक मराठीत छापले जाते, दहावीची परीक्षा मराठीत घेतली जाते. मग शास्त्रज्ञ दारी आले की मराठी एकाएकी अडचण कशी ठरते?

यावर ठरलेले उत्तर येते : पुढे इंग्रजीतूनच शिकायचे आहे, आतापासून सवय होऊ द्या. नदी ओलांडायची आहे म्हणून पूल नको, असा हा युक्तिवाद आहे. अकरावीला विज्ञान घेताच माध्यम बदलते. म्हणूनच दहावीत दोन्ही भाषांतील शब्द शेजारी ठेवणारा कोणीतरी हवा.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढून बांधली, डेव्हींना पाठवली आणि पुढच्याच वर्षी त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला होता. डेव्हीही लॅटिनमध्येच बोलले असते, तर तो उमेदवार आयुष्यभर पुस्तकेच बांधत राहिला असता. उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे भरणाऱ्यांची, लेथवर उभे राहणाऱ्यांची मुले त्या सभागृहात बसली होती, हे विसरता येत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर संविधानाच्या अनुच्छेद ३५०क ची तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु अनुच्छेद ५१क विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवतो. ज्या मुलांना प्रश्नच विचारता येत नाही, त्यांच्याकडून शोधक बुद्धीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

दोष आमच्याही पदरात आहे. पाट्यांवरील अक्षरांसाठी आम्ही मोर्चे काढले. ते काढलेच पाहिजेत. पण त्या सभागृहात दुभाषी म्हणून उभा राहील असा एक मराठी विज्ञानशिक्षक आम्ही आधी शोधून ठेवला होता काय? नव्हता. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर स्वाक्षरीसह येईल. मुलाच्या प्रश्नाला एवढा मान देणारी परंपरा आपलीच आहे. ती चालवायला आपल्याला कोणत्या सरकारची परवानगी लागते?

आमच्या मागण्या साध्या आहेत. व्याख्यानातील चित्रे आठ दिवस आधी शाळांकडे पाठवावीत. मराठी, कन्नड आणि इंग्रजी संज्ञांचा एक कागद प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा. दर पंधरा मिनिटांनी वक्त्याने थांबावे आणि शिक्षकाने मराठीत व कन्नडमध्ये सारांश सांगावा. प्रश्न कोणत्याही भाषेत चिठ्ठीवर घ्यावेत. यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

पुढील व्याख्यानाच्या वेळी संयोजकांनी हे केले तर आम्ही त्यांचे जाहीर आभार मानू. न केल्यास संज्ञांचा कागद आम्ही छापू आणि दुभाषी शिक्षकाला घेऊन दारात उभे राहू. पुन्हा कोणा मुलीचा प्रश्न दाराबाहेर राहता कामा नये.