सासूबाई पडण्यापूर्वीच

भगिनींनो, म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं. गरिबाघरी तर एकाची मजुरीही शुश्रूषेत बुडते. तुमच्या सासूबाई जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीसारख्या गावी राहत असतील, तर सणाला जाल तेव्हा एवढं कराच.

महागडं यंत्र नको, मोबाइलमधलं सेकंदाचं घड्याळ पुरे. हात असलेल्या खुर्चीतून त्यांनी उठावं, नेहमीच्या चालीनं ३ मीटर (१० फूट) जावं, वळून परत येऊन बसावं. काठी घेतली तरी चालेल; तुम्ही मात्र शेजारीच राहा. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ही चाचणी डॉक्टरही वापरतात. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर सरकारी दवाखाना गाठा. नजर आणि चालू औषधं तपासून घ्या.

“मला काय धाड भरलीय?” म्हणतील. म्हणू द्या, पण मोजा!