एक ‘ली’, तीन शब्द

कन्फ्यूशियसवरचा मराठी लेख संपादनासाठी आला, की आम्ही त्यात आधी ‘ली’ शोधतो. देवनागरीत सारखेच दिसणारे हे चिनीतले निदान तीन शब्द आहेत: रीत, तत्त्व आणि लाभ. आजच्या प्रमाण चिनीत पहिल्या दोहोंचा सूरही एकच, म्हणून सुराची खूण दिली तरी भागत नाही.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) थोर आणि क्षुद्र माणसातला फरक औचित्य आणि लाभ यांवरून सांगतो. तिथे लाभाच्या जागी नुसते ‘ली’ छापले, तर क्षुद्र माणूसच रीतीचा जाणकार ठरतो. ‘तत्त्व’ या अर्थाचा शब्द तर ‘लुन-यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात एकदाही येत नाही. तो दर्शनाच्या केंद्रस्थानी आणला सोंग काळातल्या चेंग बंधूंनी आणि चू शीने (११३०–१२००). सोळाशे वर्षांनंतरचा हा विचार मूळ गुरूच्या तोंडी घालणे ही गंभीर चूक आहे.

रीतीसाठी ‘कर्मकांड’ वापरू नये, ‘शिष्टाचार’ही अपुरा पडतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या गावरहाटीत मानकऱ्यांचा क्रम, देवापुढचे गाऱ्हाणे आणि एकमेकांशी वागणे ही एकाच व्यवस्थेची अंगे असतात. कन्फ्यूशियसची रीत समजायला ही जाण उपयोगी पडते. ‘जिंग’बाबतही तीच दक्षता हवी. सोंग काळातल्याच चौ तुन-यीने निश्चलतेवर भर दिला; चेंग बंधूंपैकी चेंग यीने तिच्या जागी त्याच उच्चाराचा, पण आदरयुक्त सावधपणाचा शब्द आग्रहाने आणला. दोन्ही एकच मानले तर त्यांच्यातला मतभेदच दिसेनासा होतो.

चिनीतून अनुवादाचे एक उदाहरण पाहा. पुण्यातील भांडारकर संस्थेने १९७० साली पु. वि. बापट आणि अकिरा हिराकावा यांनी केलेले ‘समंतपासादिका’ या पाली टीकाग्रंथाच्या चिनी पाठाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. बापटांना ताडून पाहायला मूळ पाली ग्रंथ होता. कन्फ्यूशियसच्या अनुवादकाला तसा आधार नाही. त्याची भिस्त चिनी अक्षरावरच. रीतीच्या अक्षरात पूजेची खूण असते, तत्त्वाच्या अक्षरात जेडची, लाभाच्या अक्षरात धान्य आणि पाते. जपानी वाचनही मदतीला येते: रीत तिथे ‘रेइ’, तत्त्व ‘री’.

अनुवादकांना आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना विनंती, की पुढच्या अंकापासून लेख पाठवताना अशा प्रत्येक संज्ञेच्या पहिल्या उल्लेखाशी मराठी अर्थ द्यावा आणि समासात चिनी अक्षर लिहावे. हाताने लिहिलेले चालेल.