सिगारेटच्या पाकिटातील ‘थोर सेनानी’ आणि दुर्मिळतेचे खूळ

(दीर्घ धागा)

इतिहासप्रेमी तरुणांच्या पानांवर अलीकडे एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सिगारेट-कार्डाचे रंगीत छायाचित्र, त्यावर नेपोलियन किंवा जनरल ली, आणि खाली एकच ओळ : ‘अत्यंत दुर्मीळ, किंमत अमुक हजार डॉलर’. मालिका कोणती, छापली कोणी, मागच्या बाजूस काय आहे, याचा पत्ता नसतो. तरीही शेकडो जण ‘अमूल्य ऐतिहासिक ठेवा’ म्हणून त्याला मान डोलावतात. माझा आक्षेप नेमका येथे आहे. दुर्मिळता हा बाजाराचा गुण आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो फार तर एका प्रश्नाचा आरंभ होऊ शकतो.

प्रथम ही वस्तू काय होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. तो कोरा कशाला ठेवायचा, या व्यापारी विचारातून कार्ड जन्मले. अमेरिकेत व्हर्जिनियातील रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने त्याच्या आकर्षक मालिका काढल्या. मालिका पूर्ण करायची तर तीच सिगारेट पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागे. ‘सामान्यांचा ज्ञानकोश’ वगैरे गोड विशेषणे पुढच्या पिढ्यांनी चिकटवली. मूळ हेतू गिऱ्हाईक बांधून ठेवणे हाच होता. काडेपेटीचे छाप जमवलेल्या कोणत्याही आजोबांना हे तंत्र समजावून सांगावे लागणार नाही.

आता याच कंपनीच्या दोन मालिका शेजारी ठेवा. दोन्ही १८८८च्या सुमारास निघाल्या आणि दोन्हींत प्रत्येकी ५० कार्डे होती. पहिली ‘थोर सेनानी’. तीत वॉशिंग्टन आहे, नेपोलियन आहे, ग्रँट आणि लीही आहेत. गृहयुद्ध संपून उणीपुरी तेवीस वर्षे झाली होती, आणि परस्परांवर तोफा डागणारे हे दोघे एका संचात सलोख्याने बसले. कंपनीचा एक मालक लुइस गिंटर याने स्वतः दक्षिणेच्या सैन्यात नोकरी केली होती, आणि रिचमंड ही त्या पराभूत दक्षिणेची राजधानी होती. उत्तरेतही माल खपवायचा असेल तर ग्रँटला वगळून कसे भागणार?

याच मालिकेत जॉर्ज कस्टर आहे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा, शायेन व त्यांच्या मित्रांनी त्याचा धुव्वा उडवला आणि तो मारला गेला. त्या लकोटांचा नेता सिटिंग बुल कोठे आहे? तो दुसऱ्या मालिकेत आहे, तिचे नाव ‘अमेरिकन इंडियन सरदार’. हरलेला कस्टर सेनानी ठरला आणि जिंकलेल्या पक्षाचा नायक पिसांच्या शिरोभूषणांच्या प्रदर्शनात गेला. याच दुसऱ्या संचात जेरोनिमोही आहे. १८८६मध्ये तो शरण आला आणि १९०९मध्ये मरेपर्यंत अमेरिकेचा युद्धकैदी राहिला. म्हणजे सरकारने ज्याला बंदिवासात ठेवले होते, त्याचा चेहरा त्याच वेळी सिगारेटबरोबर गिऱ्हाइकांच्या खिशात फिरत होता. सिटिंग बुल तेव्हा जिवंत होता. डिसेंबर १८९०मध्ये त्याला अटक करायला गेलेल्या पोलिसांनीच त्याला ठार केले.

ही दोन कार्डे शेजारी ठेवली की १८८८ची अमेरिका दिसते. एकट्या कस्टरच्या कार्डाचे कोपरे किती टोकदार आहेत हे मोजून ती दिसत नाही.

आणखी एक सूचना. अशी चित्रे ‘त्या काळचा अस्सल पोशाख’ म्हणून देऊ नका. ही शिळाछापाची रंगीत चित्रे आहेत, आणि छायाचित्रण त्या काळी कृष्णधवल होते. रंग कोणते भरायचे हे छापखान्यातील कारागीर ठरवीत असे.

आता दुर्मीळ भेदांकडे वळू, कारण संग्राहकांचा जीव त्यांतच अडकलेला असतो. हे भेद दोन जातींचे आहेत आणि बाजार त्यांना एकाच तराजूत तोलतो, हे मला सर्वांत खटकते. पहिली जात निव्वळ छपाईची. १९०९ ते १९११च्या प्रसिद्ध बेसबॉल मालिकेत मगी या खेळाडूच्या आडनावात एक अक्षर चुकले. चूक लवकर सुधारली, म्हणून चुकीचे कार्ड महाग. त्या खिळाजुळाऱ्याच्या डुलकीला इतिहास म्हणायचे असेल तर म्हणा बापडे. मागील जाहिरातीची शाई निळी की तपकिरी, हे भेदही बहुधा याच जातीचे.

दुसरी जात वेगळी आहे. ब्रिटनच्या विल्स कंपनीने १९१५मध्ये वॉटर्लूच्या लढाईच्या शताब्दीनिमित्त ५० कार्डांची मालिका सिद्ध केली. पण त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स खांद्याला खांदा लावून जर्मनीशी लढत होते. मित्राला त्याच्या पराभवाची आठवण कशी द्यावी? मालिका वितरित झालीच नाही. शिवाय वॉटर्लूवर वेलिंग्टनच्या मदतीला धावलेले सैन्य प्रशियाचे, म्हणजे १९१५च्या शत्रूचे पूर्वज. याच कंपनीच्या संगीतकलावंतांच्या दुसऱ्या मालिकेतून महायुद्धाच्या काळात जर्मनीशी जोडलेली ८ कार्डे मागे घेऊन त्या जागी दुसरी घातली गेली. पुढे १९३६मध्ये आठव्या एडवर्डच्या जीवनावरील मालिका तयार झाली. डिसेंबरात राजाने सिंहासन सोडले आणि तीही गाडली गेली.

ही कार्डे दुर्मीळ आहेत, कारण कोणीतरी ती दुर्मीळ व्हावीत असा निर्णय घेतला. तो निर्णय हाच खरा दस्तऐवज. विकणारे मात्र त्यांची ओळख करून देताना ‘अप्रकाशित’ एवढा एकच शब्द लिहितात आणि पुढे आकडा टाकतात.

‘बाजारामुळेच तर ही कागदे वाचली’ हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. त्यावर जेफरसन बर्डिक याचे उदाहरण पुरेसे आहे. हा न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचा, कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटे वाकडी झालेला मनुष्य. त्याने ३ लाखांहून अधिक छापील कागद जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिले. १९६३मध्ये मृत्यू येण्याच्या थोडे आधीपर्यंत तो स्वहस्ते ती कार्डे वह्यांत चिकटवीत होता. होय, डिंकाने! आजच्या श्रेणी देणाऱ्यांच्या लेखी याने लाखोंचे नुकसान केले. परंतु आज आपण मालिकांना जे क्रमांक देतो, ‘थोर सेनानी’ला एन-१५ आणि ‘इंडियन सरदार’ला एन-२ म्हणतो, ती पद्धत त्याच्याच सूचिग्रंथाची आहे. २०२२मध्ये होनस वॅगनर या खेळाडूचे एक कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकले गेले. त्या व्यवहाराने आपल्या ज्ञानात कोणती भर घातली, ते कोणी मला सांगावे.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. विल्सच्या ‘सिझर्स’ छापाच्या सिगारेटी हिंदुस्थानात खपत. त्यांच्यासाठी १९१०नंतरच्या एक-दोन वर्षांत ‘हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल’ नावाची २५ कार्डांची मालिका निघाली. हिंदुस्थानात विकायचा माल, हिंदुस्थानच्या इतिहासाची मालिका, आणि पंचविसांत एकही हिंदी माणूस नाही. नावातच तशी तजवीज होती. १८४८मध्ये सातारा खालसा करणारा डलहौसीही त्या परंपरेतलाच. हा संच फारसा महाग नाही, म्हणून त्याच्यावर धागे निघत नाहीत. माझ्या मते मराठी वाचकाला तो वॅगनरपेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

तुमच्यापैकी कोणाकडे, आजोबांच्या पेटीत वा जुन्या बाजारातून आणलेल्या पुडक्यात, या मालिकेतील एखादे कार्ड असेल तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे खाली उत्तरात टाका. मागचा मजकूर वाचता येईल अशी घ्या. किंमत लिहू नका.