चावून खायची गोळी

मासेमारीबंदीच्या महिन्यांत मालवण किनाऱ्यावरच्या ताटात सुका बांगडा नाहीतर सुकी सुंगटं असतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला मात्र हे ताट बाधते. सुक्या मासळीत फॉस्फरस भरपूर असतो. तो लघवीवाटे जात नाही आणि डायलिसिसनेही पुरेसा निघत नाही. रक्तात साठलेले फॉस्फेट हाडे कमकुवत करते आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर साचण्यास हातभार लावते.

यावर जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणारी गोळी देतात. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्यातलाच पदार्थ, यासाठी जुना आणि स्वस्त. पण त्याने शरीरात कॅल्शियम वाढते. दुसरा पर्याय लँथॅनम कार्बोनेटचा. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

लँथॅनम हे दुर्मिळ मृदा गटातले मूलद्रव्य. गुजरातेत अंबाडुंगर येथे ते बास्टनेसाइट या कार्बोनेट खनिजात सापडते, तर केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट या फॉस्फेट खनिजात. बास्टनेसाइटच्या स्फटिकात धातू व फ्लोरिनचा एक थर, मग कार्बोनेटच्या त्रिकोणी गटांचा थर, अशी आलटून पालटून रचना असते. कार्बोनेट आम्लापुढे टिकत नाही. फॉस्फेटची पकड मात्र इतकी घट्ट, की डोंगर झिजून वाळू झाली तरी मोनाझाइटचा कण शाबूत राहतो.

गोळीचे काम याच फरकावर चालते. जठरातल्या आम्लात कार्बोनेट विरघळते, सुटा झालेला लँथॅनम अन्नातल्या फॉस्फेटला धरतो आणि न विरघळणारे लँथॅनम फॉस्फेट शौचावाटे बाहेर पडते. म्हणूनच ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवण होताच, पूर्ण चावून घ्यायची. दात नसतील तर कुटून घ्यावी. अख्खी गिळली तर उपयोग कमी आणि आतड्यात अडथळ्याचा धोका. उष्ण, दमट हवेत या क्षाराचे हायड्रॉक्सिकार्बोनेट होऊ शकते; ते बास्टनेसाइटचेच भावंड, फ्लोरिनच्या जागी हायड्रॉक्सिल असलेले. कोकणच्या पावसाळ्यात बाटलीचे झाकण म्हणूनच घट्ट हवे.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे २०१६ पासून गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची वाट खुली झाली. पण यंत्रावरचे चार तास संपले की उरलेले दिवस रुग्ण स्वयंपाकघराच्या भरवशावर असतो. गोळी कोणती, ती केव्हा आणि कशी घ्यायची, सुक्या मासळीचे काय करायचे, हे रुग्णाला आणि घरी रांधणाऱ्याला त्या खाटेपाशीच, मालवणीत समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. नुसती चिठ्ठी हातात देऊन फॉस्फेट उतरत नाही.