दोन माग की तीन? रत्नागिरीचे विणकर आणि आजचा डिजिटल कारखाना

१/ एप्रिल १९२८. मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्या बंद पडल्या आणि सुमारे सहा महिने बंदच राहिल्या. दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर होते. संपाला कारणे अनेक होती. त्यांतले एक कळीचे कारण म्हणजे एका विणकराने दोन माग चालवायचे की तीन, हा प्रश्न.

२/ या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही तेव्हा याच जिल्ह्यात होता. तुटपुंजी भातशेती आणि खोतीचा भार यांमुळे तरुण आगबोटीने मुंबई गाठत. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडचे घर चाले. त्यामुळे मागांची संख्या हा कोकणातल्या चुलीचाही प्रश्न होता.

३/ जपानी कापडाच्या स्पर्धेत टिकण्यासाठी मालकांना कमी माणसांत अधिक यंत्रे चालवायची होती. कामगारांचा आक्षेप यंत्राला नव्हता. निकृष्ट कापसाचे सूत वारंवार तुटते. अशा सुतावर तिसरा माग लादला तर कष्ट वाढतात आणि शेजारच्या सोबत्याची नोकरी जाते, हे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबरात संप मिटला आणि वाद फॉसेट समितीपुढे गेला.

४/ डिजिटल तंत्राचा एक पूर्वज मागावरच जन्मला. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली. छिद्र आहे किंवा नाही, एवढीच तिची भाषा. पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली.

५/ आज नक्षी संगणकातून थेट मागावर उतरते. धागा तुटल्याचे सेन्सर ओळखतो, माग आपोआप थांबतो. एक माणूस पडद्यावर नजर ठेवून अनेक माग सांभाळतो. म्हणजे १९२८ चा वाद संपलेला नाही. केवळ आकडा वाढला आहे.

६/ एक फरक मात्र मूलभूत आहे. जुन्या विणकराचे कसब त्याच्या बोटांत होते. तो उठून गेला की माग थांबे. संपाची ताकद त्यातच होती. आता प्रत्येक हालचालीची नोंद यंत्र ठेवते. कामगाराचे ज्ञान माहितीच्या रूपाने कारखान्याच्या मालकीचे होते आणि त्याचा मोबदला कामगाराला देण्याची रीत अद्याप रुळलेली नाही.

७/ म्हणून यंत्राला विरोध करावा काय? इतिहास तसे सांगत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा अनेक गिरण्यांत जुनाट यंत्रेच होती. नफा नूतनीकरणात गुंतवला गेला नव्हता. यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे चढे भाव यांनी पुढचे काम केले. नवे यंत्र न येण्याची किंमतही अखेर कामगारानेच मोजली.

८/ रत्नागिरीतला आयटीआयचा विद्यार्थी आज सीएनसी यंत्र शिकतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण यंत्र चालवण्याच्या शिक्षणाबरोबर त्याला तीन प्रश्न विचारण्याचा अधिकारही हवा. वाढलेल्या उत्पादनात वाटा किती? कामाच्या नोंदींवर हक्क कोणाचा? ज्याचे काम गेले, त्याला नवे कौशल्य कोण देणार?

९/ १९२८ च्या विणकरांनी यांतले पहिले आणि तिसरे प्रश्न आपल्या परीने विचारले होते. दुसरा प्रश्न या पिढीचा आहे. तो यंत्र बसवण्यापूर्वीच विचारला पाहिजे. नंतर विचारण्याची किंमत गिरणगावाने मोजली आहे.